डरमातलं विरजण

मला राग लवकर येतो आणि उतरायला वेळ लागतो. हे माझ्या नवऱ्याला, कॉलेजातल्या शिपायाला आणि प्रॅक्टिकलच्या प्रत्येक बॅचमधल्या पोरींना माहीत आहे. त्यामुळे पुढं मी कुठं शांत, समजूतदार बाई दिसले, तर समजा की तिथं मी खोटं लिहिते आहे.

मी भंडाऱ्याला एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माहेर पवनीच्या अलीकडं, तलावाखालचं गाव. आमच्या तिथं चार बांध्या आहेत, बांधी म्हणजे धानाचं खाचर. बाबा गेल्यापासून त्या दादा पाहतो, माझा मोठा भाऊ. आणि दादाच्या घरात वहिनी आहे.

वहिनीचं आणि माझं कधीच पटलं नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा मी बारावी पास झाले होते आणि नागपूरला शिकायला जाण्यासाठी आईच्या मागं लागले होते. चार पाहुण्यांसमोर नवी नवरी म्हणाली, "बाई नागपूरले गेली तं परे कोण काढंल?" परे म्हणजे धानाच्या रोवणीची, लावणीची रोपं. मी तिथल्या तिथं म्हटलं, "तू काढ. तुला दुसरं येतं काय?" पाहुणे हसले. ती नाही हसली. तिनं त्यानंतर दरवर्षी परे काढले, रोवले, आणि मी नागपूरला जाऊन एम.एस्सी. झाले, पीएच.डी. झाले. वहिनी स्वतः बारावी सायन्स होती. हे मी इथं मुद्दाम लिहिते आहे, कारण ते मी वीस वर्षं सोयीनं विसरले होते.

तर पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजला एकाएकी गावांची आठवण आली. मूल्यांकनाची समिती यायची होती आणि तिला दाखवायला गावात काहीतरी केल्याचे फोटो पाहिजे होते. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं की प्रत्येक विभागानं एक गाव धरावं. मी माझं माहेर धरलं, कारण जेवायची सोय होती. तिथं बायांचा बचत गट होता आणि वहिनी त्याची अध्यक्ष होती. मला हे गिळणं कठीण गेलं, पण दुसरं गाव शोधायचाही कंटाळा आला होता.

मी त्यांच्यासाठी एक जिवाणू घेऊन गेले. सूडोमोनास त्याचं नाव. धानाच्या मुळांभोवती राहतो, हिरवट पिवळा रंग सोडतो, आणि मुख्य म्हणजे अँटिबायोटिक बनवतो. डॉक्टर आपल्याला जे लिहून देतात त्याच जातीची गोष्ट, फक्त इथं ती माणसाच्या तापावर नाही, धानावरच्या करप्यावर. करपा ही बुरशी. रोवणीआधी परेची मुळं या जिवाणूच्या पाण्यात बुडवायची. जिवाणू मुळांवर घर करतो आणि बुरशीला जवळ येऊ देत नाही. कॉलेजातून मूळ जिवाणू आणायचा, गावातच डरमात, म्हणजे ड्रममध्ये, गुळाच्या पाण्यात वाढवायचा आणि गावात वाटायचा. कल्पना चांगली होती, आजही चांगली आहे.

प्रशिक्षण ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये होतं. पंचवीस-तीस बाया सतरंजीवर बसलेल्या. मी तासभर बोलले, तक्ते दाखवले, निर्जंतुकीकरण शब्द सात वेळा वापरला. बाया जांभया देत होत्या. एक तर सरळ सुपारी कातरत बसली होती. फोटो काढणारा आमचा क्लार्क खुणा करत होता की मॅडम, कोणी हसत नाही, फोटो मेलेला येतो आहे. मला राग आला. मग मी तक्ता गुंडाळला आणि म्हटलं, "बाया हो, काहून घाबरून राहिल्या? घरी दही लावता का नाही? विरजण टाकता ना? हे बस तसंच हाये. जुन्या डरमातलं लोटाभर काढायचं, नव्या गुळाच्या पाण्यात टाकायचं, झाकून ठेवायचं. झालं दही!"

काय हशा पिकला! सुपारीवाली बाई टाळी द्यायला उठली. फोटो सुंदर आला, कॉलेजच्या अहवालात पहिल्या पानावर छापला. मी स्वतःवर इतकी खूश झाले की पुढं आणखी तीन गावांत तेच वाक्य वापरलं, तसंच थांबून, तसेच हात करून.

आता गंमत ऐका. त्याच वर्षी मी एम.एस्सी.च्या वर्गाला जिवाणूंमध्ये अँटिबायोटिक कसं बनतं आणि त्यावर जनुकांचा ताबा कसा चालतो, हे शिकवत होते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी. मी पोरींना सांगायची की जिवाणू अँटिबायोटिक उठल्या-बसल्या बनवत नाही. ते बनवायला ताकद जाते, खाल्लेल्यातला मोठा वाटा जातो. म्हणून ते कधी बनवायचं हे ठरवायला त्याच्यात दोन जनुकांची एक जोडी असते. एका जनुकाचं प्रथिन पेशीच्या आवरणात बसून बाहेरचा अंदाज घेतं. आजूबाजूला आपल्या जातभाईंची पुरेशी गर्दी झाली, की ते आतल्या दुसऱ्याला खबर देतं. तो दुसरा मग पुढची सगळी जनुकं कामाला लावतो आणि अँटिबायोटिक बनायला लागतं. या दोन जनुकांपैकी एकात बारीकशी चूक झाली, तर सगळं बंद. पेशी मरत नाही. उलट मजेत राहते. अँटिबायोटिकचा खर्च वाचला ना! ती भराभर वाढते, आणि तिचा हिरवा रंग कधीकधी आधीपेक्षा गडद होतो. मातीत अशी ऐतखाऊ पेशी टिकत नाही, तिथं बुरशी आहे, दुसरे जिवाणू आहेत, तिला खाणारे किडे आहेत. पण भरपूर खायला असलेल्या, शत्रू नसलेल्या भांड्यात तीच पुढं जाते, आणि पुन्हा पुन्हा त्याच भांड्यातलं काढून पुढच्यात टाकलं, की काही पिढ्यांत भांडंभर तिचंच राज्य होतं.

हे सगळं मी फळ्यावर बाण काढून शिकवत होते. प्रश्न विचारत होते, उत्तर चुकलं की पोरींना उभं करत होते. आणि रविवारी गावात जाऊन सांगत होते की जुन्यातलं लोटाभर काढा आणि नव्यात टाका.

वहिनीनं काम असं धरलं की मला ते पाहवत नव्हतं. घरामागच्या गोठ्यातली गुरं तिनं दुसरीकडं हलवली, जमीन सारवली, पाणी उकळून थंड करायला दोन मोठी गंजं, म्हणजे पातेली आणली. डरमाजवळ चप्पल घालून कोणी यायचं नाही. दादाला तर आतच येऊ देत नव्हती, तो तंबाखू मळतो म्हणून. हंगाम संपला की उरलेल्यातलं थोडं एका कॅनमध्ये ठेवायची, कॅन रांजणाच्या सावलीत, आणि दर आठवड्याला त्यातलं लोटाभर काढून ताज्या गुळाच्या पाण्यात. खरिपाची रोवणी, मग उन्हाळी धानाची, मग पुन्हा खरीप. एक आठवडा चुकवला नाही तिनं. मावशीच्या मयतीला गेली तेव्हा पोरीला बजावून गेली होती.

पहिले हंगाम छान गेले. ज्यांनी परे बुडवून रोवले त्यांच्या बांध्या करप्यातून वाचल्या. आजूबाजूच्या गावांतून माणसं कॅन घेऊन यायला लागली. आमचं घर बौद्धांच्या मोहल्ल्यात. ज्या घरांनी आमच्याकडचा पाण्याचा पेला कधी ओठाला लावला नाही, त्या घरांची माणसं वहिनीच्या अंगणात ओळीनं उभी राहायची, आणि ती कॅन भरून द्यायची. तिचं उभं राहणंच बदललं होतं. मला ते दिसत होतं, आणि खरं सांगते, मला ते सोसत नव्हतं. मी नेलेला जिवाणू, मी दिलेलं प्रशिक्षण, आणि गावात नाव वहिनीचं!

मध्ये एकदा मी गेले तेव्हा डरमातलं पाणी पूर्वीपेक्षा हिरवं झालं होतं, चांगलं गडद, चमकणारं. मी झाकण उचलून पाहिलं आणि म्हटलं, "वा! काय रंग आला आहे." माझ्याकडून वहिनीला मिळालेली ती पहिली शाबासकी असेल. जेवताना तिनं माझ्या ताटात भाजीचा दुसरा वाढा न विचारता टाकला.

त्याच्या पुढच्या खरिपाआधीची गोष्ट. प्रॅक्टिकलची परीक्षा चालू होती, बाहेरून आलेले परीक्षक चहा गार झाला म्हणून कुरकुर करत होते, आणि प्राचार्य मला नुकतेच सगळ्यांसमोर काहीबाही बोलून गेले होते. फोन वाजला. वहिनी. तिनं तोवर मला बाई म्हणायचं सोडून मॅडम म्हणायला सुरुवात केली होती, आधी बायांसमोर, मग घरातही. मला चिडवायलाच.

"मॅडम, एक इचारू?"

"बोला पटकन."

"दही एकाच विरजणावर लय दिस लावत राह्यलं का त्याले तार सुटते. मंग आपण शेजारून नवं विरजण आणतो. याले तसं काही होत नाई ना? नाई, मीनं म्हटलं, तुह्या कॉलेजात पयलं वालं ठेवलं असंल तं एक शिशी देऊन दे. रोवणीच्या आधी."

"वहिनी, ते दही नाही. ते जिवाणू आहेत."

"दह्यात बी जिवाणूच असते ना."

परीक्षक माझ्याकडं पाहत होते. माझी कानशिलं तापली. मी म्हटलं, "बारावी झालं म्हणून डोकं लावू नका. तुम्हाला सांगितलं तेवढं करा." ती काहीतरी म्हणत होती. मी फोन कापला.

हे संभाषण एक मिनिटभराचं असेल. मी परीक्षकांना नवा चहा मागवला आणि विसरून गेले.

त्या खरिपात मानमोडी आली. करपा पानावर असला तर धान कसंतरी निभतं, पण लोंबीच्या मानेशी आला की लोंबी तिथूनच मोडते, पांढरी पडते, आत दाणा नसतो. ज्यांनी परे बुडवले होते त्यांच्याही बांध्या पांढऱ्या, ज्यांनी नाही बुडवले त्यांच्याही पांढऱ्या. काही फरक नाही. दादाच्या बांध्याही गेल्या, पण ते कोणी लक्षात घेतलं नाही. गावानं आठवड्याभरात ठरवून टाकलं की अध्यक्षीणबाईनं डरमात पाणी ओतून ओतून वाटलं. कोणीतरी पाणीवाली म्हटलं आणि ते नाव चिकटलं. नळावर गेली की बाया एकमेकींना म्हणायच्या, "सरका, पाणीवाली आली." अंगणात ओळीनं उभी राहणारी माणसं आता रस्त्यावरून जाताना मान फिरवून म्हणायची, या मोहल्ल्याचं पाणी घेतलं तिथंच चुकलं.

तेव्हा वहिनीनं मला फोन लावला. मी स्क्रीनवर नाव पाहिलं आणि फोन टेबलावर पालथा घातला. गावातून माझ्या कानावर आलं होतंच, आणि माझं मत तयार होतं, की हिनं पाणीच घातलं असणार. पुन्हा लावला, पुन्हा पालथा. मग ती दर दोन-चार दिवसांनी लावायची, मी उचलत नव्हते. कामात आहे, असं मी स्वतःला सांगत होते.

शेवटी दादा कॉलेजात आला. दादा भंडाऱ्याला आला तरी कॉलेजात कधी येत नाही, त्याला तिथं अवघडतं. व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता, पायांशी झाकण घट्ट लावलेला एक कॅन.

"फोन काहून उचलत नाईस?" एवढंच आधी.

मी काहीतरी परीक्षेचं बोलले. त्यानं ऐकून घेतलं नाही.

"पंधरा दिवसांनं सभा हाये. तिले अध्यक्षपदावरून काढून राह्यले. काढू दे, त्याचं काही नाई. पण सगळ्या गावासमोर माफी मागाय लावून राह्यले. मीनं पाणी इकलं, असं म्हणाय लावून राह्यले. ते म्हणते, मी मेली तरी म्हणणार नाई. दोन दिस झाले, नळावर जात नाई. तलावातून पाणी आणून राह्यली."

मी काय म्हटलं ते मला जसंच्या तसं आठवतं. मी म्हटलं, "दादा, मी हे तपासते. पण यात पाणी निघालं ना, तं मी स्वतः सभेत येऊन सांगीन."

दादा बाकावरून उठला. मग म्हणाला, "तपास." कॅन तिथंच ठेवून पायऱ्या उतरून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

मी तो कॅन उघडला तेव्हा मला घाण सापडायला पाहिजे होती. हे लिहायला लाज वाटते, पण पाहिजे होती. पाणी घातलेलं, वास मारणारं, वेगळ्याच जिवाणूंनी भरलेलं. म्हणजे मी बरोबर ठरले असते. पहिल्या प्लेटा लावल्या, म्हणजे त्यातला थेंब काचेच्या बशांत पसरून काय वाढतं ते पाहायला ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर एकच जात, काठोकाठ भरलेली, कसलीही भेसळ नाही. माझ्या एम.एस्सी.च्या पोरींना काचेच्या केबिनमध्ये बसून जे जमत नाही ते हिनं गोठ्यात करून दाखवलं होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला राग आला.

मग मी फ्रीजरमधून मूळ जिवाणू काढला, ज्यातून पहिल्या दिवशी गावाला दिला होता तोच. एका प्लेटच्या मधोमध करप्याची बुरशी आणि कडेला मूळ जिवाणू. दुसरीत मध्ये बुरशी, कडेला वहिनीच्या कॅनमधला. बुरशी सावकाश वाढते, आठवडा जातो. तोवर दुसरी एक सोपी परीक्षा होती, दुधाची. दुधाच्या पांढऱ्या थरावर हा जिवाणू वाढवला तर चांगल्या पेशींभोवती दूध विरघळून स्वच्छ गोल पडतो. कारण दूध पचवणारं प्रथिनही त्याच दोन जनुकांच्या हुकमानं बनतं. जोडी बिघडली की गोल नाही.

मूळ जिवाणूच्या प्लेटमध्ये गोलच गोल. वहिनीच्या प्लेटमध्ये ठिपके भरगच्च, सुंदर हिरवे, आणि दूध जसंच्या तसं. मी प्लेट उजेडात धरून काठापासून काठापर्यंत पाहिली. एका कडेला दोन-तीन लहानसे गोल दिसले, बाकी काही नाही. आठवड्यानं बुरशीच्या प्लेटांनीही तेच सांगितलं. मूळ जिवाणूपासून बुरशी हातभर दूर थांबावी तशी थांबली होती. वहिनीच्या जिवाणूवरून ती सरळ चालत गेली होती.

पाणी एक थेंब नव्हतं त्यात. दर आठवड्याला, न चुकता, न मळवता, लोटाभर जुन्यातलं नव्यात. गूळ भरपूर, शत्रू कोणी नाही. जितकं प्रामाणिकपणे केलं तितका तो जिवाणू ऐतखाऊ होत गेला. आळशी बाई असती, दोन हंगाम कॅन वाळून गेला असता, तर तिनं कॉलेजातून नवा नेला असता आणि गाव वाचलं असतं. आणि तो गडद हिरवा रंग, ज्याला मी वा म्हटलं होतं, तो बिघाडाचाच रंग होता.

त्या टेबलाशी उभी असताना मला फोन आठवला. तार सुटते, मग आपण शेजारून नवं आणतो. तिनं माझा अख्खा धडा दोन वाक्यांत विचारला होता. मी खुर्चीवर बसले आणि फळ्यावरच्या माझ्याच बाणांकडं पाहत राहिले. अशा वेळी लोक रडतात म्हणे. मी शिपायावर ओरडले, खिडकी का उघडी टाकली म्हणून.

मग मी अहवाल लिहिला. आम्हा शिकलेल्या लोकांना त्याची फार छान सवय असते. 'स्वयंस्फूर्त जनुकीय उत्परिवर्तनामुळे प्रतिजैविकनिर्मितीचे नियमन बाधित झाल्याचे आढळून आले.' आढळून आले! कोणाला आढळलं, कोणामुळं झालं, काही नाही. त्या कागदात वहिनी निर्दोष होती आणि मीही. मला वाटलं, काम झालं.

सभेला अख्खं गाव होतं, बाया कमी आणि पुरुष जास्त, ज्यांचा गटाशी काही संबंध नव्हता असेही. वहिनी दारापाशी बसली होती, पदर खांद्यावर घट्ट ओढून, कोणाकडंही न पाहता. मी आत गेले तेव्हा माझ्याकडंही पाहिलं नाही. मी उभी राहिले, जयभीम-नमस्कार केला आणि अहवाल वाचला. मग सोप्या भाषेत सांगितलं की पाणी नव्हतं, जिवाणूच्या आत बदल झाला, त्यानं औषध बनवणं सोडलं. लोक कुजबुजले. कोणीतरी म्हणालं, "म्हणजे किडाच बदमाश निघाला." थोडे हसले. सुटलो, असं वाटून मी कागदाची घडी घालायला लागले.

तेव्हा ती सुपारीवाली म्हातारी बोलली, प्रशिक्षणात टाळी द्यायला उठली होती तीच. गटातली सगळ्यात वयानं मोठी.

"बाई, थांब. तू शिकलेली हायेस म्हून एवढंच सांग. हे असं होते म्हून कोणाले मालूम असते का नाई?"

"असतं," मी म्हटलं. "आम्ही वर्गात शिकवतो."

"तुले मालूम होतं?"

मी खोटं बोलू शकले असते. नवीन संशोधन आहे, आत्ताच कळलं, असं म्हटलं असतं तर कोण पडताळणार होतं? मी वहिनीकडं पाहिलं. ती अजूनही जमिनीकडं पाहत होती, आणि मला कळलं की मी खोटं बोलेन असं तिनं धरूनच ठेवलं आहे. त्याचा मला इतका राग आला की मी खरं बोलले.

"होतं. मला माहीत होतं. विरजणासारखं करा म्हणून मीच सांगितलं, तुम्ही सगळ्या हसल्या होत्या. ते चूक होतं. दर हंगामाला कॉलेजातून नवा घ्यायला पाहिजे होता. आणि हिनं मला रोवणीआधी फोन करून विचारलं होतं, नवं विरजण लागत नाही का म्हणून. मी हिला डोकं लावू नको म्हटलं आणि फोन ठेवला."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मोठ्या मनाची म्हणून कोणी माझं कौतुक केलं नाही. मागून एक पुरुष म्हणाला, "म्हणजे पाणीवाली हेच हाये मंग," आणि हॉल हसला, वाईट हसला. माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, चांगलं झोंबणारं. मी ते गिळलं. म्हटलं, "हो, मीच."

आणि वहिनीची माफी? कोणी मागितली नाही. लोक उठले, सतरंजी झटकली, धानाच्या, लग्नाच्या गोष्टी करत बाहेर पडले. म्हातारी तेवढी दारापाशी क्षणभर थांबली, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेली. अध्यक्षपद तिच्याकडंच राहिलं, कारण काढायचा विषय कोणी पुन्हा काढला नाही.

मी घरी गेले. वहिनी गोठ्यात डरम धूत होती. आत पूर्ण वाकून, राखेनं, खसाखसा. मी दारात उभी राहिले. चप्पल बाहेर काढली.

"वहिनी, चुकलं माझं."

"सभेत सांगतलं ना. मीनं आयकलं."

"तुम्ही फोन केला होता, तेव्हा मी..."

ती डरमातून वर आली. कोपरापर्यंत राख. "मॅडम, मले एक सांग. मीनं इचारलं तवा तुले हे मालूम होतं ना?"

"होतं."

"मंग ध्यानात काहून नाई आलं?"

मी परीक्षेचं सांगू शकले असते, प्राचार्यांचं, चहाचं. तिच्यासमोर ते तोंडात आलं नाही. मी म्हटलं, "तू विचारलंस म्हणून."

तिनं मान हलवली. आश्चर्य नाही, राग नाही. वीस वर्षांपासून माहीत असलेली गोष्ट कोणीतरी शेवटी म्हटली, एवढंच. मग पुन्हा डरमात वाकली आणि घासायला लागली.

आता दर हंगामाला मी फ्रीजरमधून मूळ जिवाणू काढते, वाढवते, आधी दुधावर तपासते, मग देते. ज्या तीन गावांत विरजणाचा विनोद केला होता तिथंही जाऊन आले, शिव्या खाऊन आले. रोवणीच्या महिनाभर आधी वहिनीचा फोन येतो. नाव दिसलं की मी वर्गात असले, परीक्षेत असले, प्राचार्यांसमोर असले तरी पहिल्या रिंगला उचलते.

"मॅडम, नवं विरजण केव्हा?"

मी तारीख सांगते. मग तिचे गुडघे कसे आहेत ते विचारायला लागते, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिनं फोन ठेवलेला असतो.